कृत्रिम हृदय-फुप्फुसाधार आणि नवजात अर्भकाचे रक्ताभिसरण

गर्भावस्थेत फुप्फुसे श्वसनाचे कार्य करीत नाहीत. ऑक्सिजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांची देवघेव वारेतून होत असते. त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूस आलेल्या रक्तापैकी थोडाच भाग फुप्फुसांत जातो. उरलेले रक्त दोन वाटांनी परस्पर शरीराकडे वळते : एक दोन अलिंदांमधील अंडाकृती रंध्र, आणि दुसरी फुप्फुस-रोहिणीस महारोहिणीशी जोडणारी नलिका. जन्मानंतरच्या पहिल्या श्वासांबरोबर फुप्फुसवाहिन्या रुंदावतात, त्यांतील रोध झपाट्याने उतरतो आणि या दोन्ही वाटा मिटू लागतात. काही अर्भकांत मात्र हा पालट घडून येत नाही. जन्मापूर्वी विसर्जित झालेला मळ श्वासमार्गात ओढला गेल्यामुळे, मध्यपटलातील जन्मजात छिद्रामुळे अथवा तीव्र जंतुसंसर्गामुळे फुप्फुसवाहिन्या आकुंचित राहतात, आणि ऑक्सिजन न मिळालेले रक्त जुन्याच वाटांनी शरीरभर फिरू लागते. कृत्रिम श्वसन व औषधे यांनी ही अवस्था पालटली नाही, तर शरीराबाहेर रक्तास ऑक्सिजन पुरविणारी ‘एक्मो’ ही पद्धती अखेरचा आधार ठरते.

या पद्धतीचे मूळ हृदयशस्त्रक्रियेत आहे. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. परंतु त्या काळच्या यंत्रांत रक्त व वायू यांचा प्रत्यक्ष संपर्क येत असल्याने रक्तकणांची हानी होई, व काही तासांपलीकडे त्यांचा उपयोग करता येत नसे. वायूस वाट देणारा, पण रक्तास अडविणारा पडदा उपलब्ध झाल्यावर ही मर्यादा दिवसांपर्यंत व आठवड्यांपर्यंत लांबली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांनी याच मार्गाने एका नवजात बालिकेचे प्राण वाचविले. यंत्र फुप्फुसांना बरे करीत नाही. ती बरी होईपर्यंत अवधी मिळवून देते. या अवधीत रक्ताभिसरणाची जी फेरमांडणी होते, तिचा विचार येथे कर्तव्य आहे.

नीला-रोहिणी पद्धतीत मानेच्या उजव्या बाजूकडील ग्रीवा-नीलेतून एक नळी उजव्या अलिंदात, तर उजव्या ग्रीवा-रोहिणीतून दुसरी नळी महारोहिणीच्या कमानीकडे नेतात. यंत्रातून दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटास साधारणतः १०० ते १२० मिलिलिटर रक्त वाहते. तीन किलोग्रॅम वजनाच्या अर्भकाच्या देहात एकूण रक्तच सुमारे २५० मिलिलिटर असते. म्हणजे एका मिनिटात यंत्रातून जाणारे रक्त या साठ्याहूनही अधिक भरते. यंत्राच्या नळ्या भरण्यासाठी लागणारा द्रवही या साठ्याच्या तुलनेत लहान नसतो. म्हणूनच त्या दात्याच्या रक्ताने भरून ठेवतात.

पहिला फरक नाडीत दिसतो. पंपाचा प्रवाह बव्हंशी अखंड असतो. यंत्राचा वाटा जसा वाढतो, तसे हृदयाकडे येणारे रक्त घटते, प्रत्येक ठोक्याचे उत्सर्जन कमी होते आणि आकुंचन व प्रसरण या दोन अवस्थांतील दाबांचे अंतर आक्रसते. सरासरी दाब मात्र टिकून राहतो. त्याच वेळी डाव्या निलयास पंपाने भरलेल्या महारोहिणीतील दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. दुर्बळ हृदयास हा भार पेलतोच असे नाही. जोडनलिका उघडी असल्यास आणखी एक गुंतागुंत उद्भवते. फुप्फुसांतील रोध उतरू लागताच महारोहिणीतील रक्त उलट दिशेने फुप्फुसांत शिरते. मोजमापकावर पंपाचा प्रवाह पुरेसा दिसत असूनही शरीराच्या वाट्यास रक्त कमी येते.

सर्वांत नाजूक प्रश्न मेंदूचा. उजवी ग्रीवा-रोहिणी बांधल्यावर मेंदूच्या उजव्या भागास मिळणारे रक्त मेंदूच्या तळाशी असलेल्या वाहिनीवलयातून, म्हणजे डाव्या ग्रीवा-रोहिणीकडून व पाठीमागच्या कशेरुक-रोहिण्यांकडून वळून यावे लागते. हे वलय सर्वांत सारखेच पूर्ण नसते. शिवाय ग्रीवा-नीलेतील नळीमुळे मेंदूतून परतणाऱ्या रक्तासही अडथळा होतो. निरोगी अर्भकात रक्तदाब चढला वा उतरला तरी मेंदूच्या वाहिन्या आकुंचन-प्रसरणाने प्रवाह स्थिर राखतात. परंतु दीर्घ ऑक्सिजनन्यूनतेने हे स्वयंनियमन ढासळते व प्रवाह दाबाच्या मागे फरफटत जातो. रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड एकाएकी उतरविल्यास वाहिन्या आखडून प्रवाह आणखी घटतो. त्यातच नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन चालू ठेवावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या वा दोन किलोग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकास सामान्यतः हा उपचार देत नाहीत, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय. सुदैवाने अर्भकाची टाळू उघडी असते. तीवाटे श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने मेंदूतील प्रवाह व रक्तस्राव वारंवार पाहता येतो.

नीला-नीला पद्धतीत दोन कप्प्यांची एकच नळी उजव्या अलिंदात ठेवतात. रक्त तेथूनच घेतले जाते व तेथेच परत सोडले जाते. ग्रीवा-रोहिणी शाबूत राहते, नाडी टिकते आणि फुप्फुसे व हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या यांनाही ऑक्सिजनयुक्त रक्त मिळते. तथापि काही रक्त देहात न जाता पुन्हा यंत्रातच ओढले जाते, आणि अभिसरणाचे सारे काम अर्भकाच्या हृदयासच करावे लागते. ते हृदय समर्थ असेल तरच ही पद्धती पुरी पडते.

या उपचाराची उपयुक्तता १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीने दृढ केली. एक्मो केंद्राकडे पाठविण्यासाठी निवडलेल्या ९३ अर्भकांपैकी ३०, तर नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्या ९२ पैकी ५४ दगावली. पहिल्या गटात केंद्रापर्यंतच्या प्रवासाची जोखीमही अंतर्भूत होती, ही बाब महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरसारख्या गावी जन्मलेल्या अर्भकास मुंबई-पुण्याकडे न्यावयाचे झाल्यास वाटेत अनेक तास जातात, आणि मेंदूवाहिन्यांचे स्वयंनियमन याच तासांत ढासळू शकते. त्यानंतर यंत्राने पुरविलेला प्रवाह कितीही निर्दोष असला, तरी तो आधीच दुखावलेल्या मेंदूकडे जातो. यास्तव ग्रामीण प्रसूतिगृहातील पहिले पुनरुज्जीवन, वेळेवर घेतलेला स्थलांतराचा निर्णय आणि वाटेतील श्वसनाधार ही याच उपचाराची पूर्वांगे मानली पाहिजेत. यंत्र हाती येईल तेव्हा वाचविण्याजोगा मेंदू शिल्लक असणे त्यांवरच अवलंबून आहे.