एका हाताने लागणारा पट्टा

गाडीत बसल्यावर आपण ‘खट्’ करून लावतो तो तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोने १९५९ साली आपल्या मोटारींत आणला. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात या कंपनीची पहिली मोटार १९२७मध्ये रस्त्यावर आली होती. पट्टा घडवणारे निल्स बोलिन आधी साब कंपनीत, संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. नुसता पोटावरून जाणारा पट्टा धडकेत आतल्या अवयवांनाच इजा करी. बोलिन यांनी धक्का छाती आणि कमरेच्या मजबूत हाडांवर वाटून दिला. शिवाय पट्टा एका हाताने लागे. व्होल्वोने या पट्ट्याचे पेटंट इतर कंपन्यांनाही खुले केले. आणि व्होल्वोच्या मोटारींचा टिकाऊपणा? अमेरिकेतल्या एका शिक्षकाने १९६६ साली घेतलेली व्होल्वो पी-१८०० तीस लाख मैलांहून अधिक चालवली!