वेरूळचा पारवा आणि नैसर्गिक निवडीचा सिद्धांत

चरणाद्रीच्या डोंगरात कोरलेली वेरूळची चौतीस लेणी पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येतात. बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तीन धर्मपरंपरांच्या या शिल्पवैभवास १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा प्राप्त झाला. कैलास लेण्याच्या प्रांगणात उभा राहिलेला प्रवासी वर पाहतो, तेव्हा त्याची दृष्टी मूर्तींवर खिळून राहते. त्याच मूर्तींच्या वर, दगडी कंगोऱ्यांवर घुमत बसलेल्या पारव्यांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मंदिरस्थापत्यात छताच्या कडेने पुढे आलेल्या गोलसर पट्टीला ‘कपोत’ असे नाव आहे आणि कपोत म्हणजे पारवा. शिल्पशास्त्रकारांनी ज्याची अशी नोंद घेतली, त्याच पक्ष्याला आधुनिक जीवशास्त्राच्या इतिहासातही मानाचे स्थान मिळाले आहे. चार्ल्स डार्विन या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या उत्क्रांतीविषयक ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात ज्या पक्ष्याची साक्ष काढली, तो पक्षी म्हणजे हा कडेकपारींत राहणारा पारवा होय.

पारव्याची साक्ष

राखी-निळसर अंग, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी, पंखांवर दोन काळे पट्टे आणि शेपटीच्या टोकाशी काळी किनार असे रानपारव्याचे रूप असते. कबूतरबाजांनी पाळलेले पक्षी याहून किती तरी निराळे दिसतात. लक्का कबूतर शेपटीचा पंखा उभारून चालते, गिरेबाज आकाशात कोलांट्या घेते, तर लोटण जमिनीवरच गडबडा लोळते. काहींची चोच आखूड, काहींची लांब, तर काहींच्या पायांवर पिसांचे झुपके असतात. इतके भिन्न पक्षी निरनिराळ्या मूळ जातींपासून उपजले असले पाहिजेत, असे पाळणाऱ्यांनाही वाटत असे.

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी डार्विनने १८५५ मध्ये लंडनजवळील डाऊन या गावी स्वतः कबूतरे पाळण्यास प्रारंभ केला. तो लंडनमधील कबूतरबाजांच्या मंडळांचा सभासद झाला आणि जगाच्या निरनिराळ्या भागांतून त्याने पक्ष्यांची कातडी मागविली. हिंदुस्थानातून ती पाठविणाऱ्यांत वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याचा उल्लेख त्याने कृतज्ञतेने केला आहे. अकबर बादशहाच्या लवाजम्यात वीस हजारांहून कमी कबूतरे कधीच नसत, ही नोंदही त्याने आवर्जून घेतली. रानपारव्याच्या पाठीचा मागील भाग युरोपात पांढरा असतो आणि हिंदुस्थानातील पोटजातीत तो निळसर असतो, हा बारकावाही त्याच्या ग्रंथात आढळतो.

डार्विनने पांढऱ्या लक्क्याचा संकर दुसऱ्या एका जातीच्या काळ्या कबुतराशी केला. त्यांची पिले तपकिरी आणि काळ्या ठिपक्यांची निघाली. या पिलांचा परस्परांशी पुन्हा संकर केल्यावर नातवंडांत एक पक्षी असा जन्मास आला की, त्याचे अंग रानपारव्यासारखे निळे आणि पंखांवर तेच दोन काळे पट्टे होते. आजा-आजींपैकी एक शुभ्र आणि दुसरा काळा असताना नातवात मूळ पूर्वजाचे रूप प्रकट झाले. सर्व पाळीव कबूतरे एकाच रानपारव्याची वंशज आहेत, या निष्कर्षाला अशा प्रयोगांनी बळकटी आली. माणसाने हवे ते पक्षी निवडून त्यांचीच पैदास केली आणि काही हजार वर्षांत एका पक्ष्यापासून अनेक वाण निर्माण झाले. माणसाची निवड एवढे घडवू शकते, तर निसर्गात निवड करणारे कोणी आहे काय, असा प्रश्न यातून साहजिकच उभा राहतो.

सिद्धांताचा उगम

या प्रश्नाचे उत्तर डार्विनला बरेच आधी सापडले होते. १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावरून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकमेकांपासून थोड्या अंतरावर असलेल्या बेटांवर एकमेकांशी मिळतेजुळते, तरीही भिन्न असे प्राणी राहतात, हे त्याने या प्रवासात पाहिले. १८३८ मध्ये माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध त्याच्या वाचनात आला. जीवांची संख्या अन्नापेक्षा वेगाने वाढू पाहते, या विचारातून त्याला आपल्या सिद्धांताचे सूत्र गवसले. तरीही तो वीस वर्षे पुरावा गोळा करीत राहिला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ हे या काळात त्याला येथील पशुपक्ष्यांविषयी विपुल माहिती पत्रांद्वारे पुरवीत होते.

१८५८ च्या जून महिन्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस या संशोधकाचा एक निबंध आग्नेय आशियातील बेटांवरून डार्विनच्या हाती आला. वॉलेसनेही स्वतंत्रपणे तोच सिद्धांत मांडलेला होता. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचण्यात आले. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी डार्विनचा ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जीवसृष्टीकडे पाहण्याची मानवाची दृष्टी बदलली.

निसर्ग निवड कशी करतो?

या सिद्धांताची मांडणी साधी आहे. पारव्याची एक जोडी घ्यावी. तिने दरवर्षी चार पिले वाढविली, ती सर्व जगली, त्यांनीही तसेच केले आणि एकही पक्षी मेला नाही, असे मानले तर संख्या दरवर्षी तिप्पट होईल. दहा वर्षांत त्या एका जोडीचे १,१८,०९८ पक्षी होतील. परंतु वेरूळच्या डोंगराची कपार आणि भोवतालच्या शिवारातील दाणा मर्यादित आहे. म्हणजेच जन्मलेल्या पिलांपैकी बहुसंख्य पिले वाढून प्रजोत्पादन करण्यापूर्वीच नाहीशी होतात.

कोणती नाहीशी होतात, हा केवळ योगायोगाचा भाग नसतो. एकाच घरट्यातील दोन पिलेही तंतोतंत सारखी नसतात. एखाद्याची दृष्टी तीक्ष्ण असते, तर एखाद्याचा रंग दगडात अधिक मिसळून जातो. युरोपच्या काही भागांत पांढरी कबूतरे पाळू नयेत, असे लोक सांगत, कारण ससाण्याच्या नजरेस ती सर्वांआधी पडतात, असे डार्विनने नमूद केले आहे. जगण्यास उपकारक ठरणारा असा भेद आनुवंशिक असेल तर तो पुढील पिढीत अधिक पक्ष्यांत उतरतो आणि पिढ्यान् पिढ्या हे घडत राहिले की संपूर्ण समूहाचे रूप पालटते. या क्रियेस नैसर्गिक निवड असे म्हणतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. ससाण्याच्या भीतीने कोणताही पांढरा पक्षी निळा होत नाही. प्रत्येक जीव जसा जन्मला तसाच राहतो. बदलते ते समूहातील प्रमाण. हे भेद कसे उपजतात आणि कसे संक्रमित होतात, याचे समाधानकारक उत्तर डार्विनला देता आले नव्हते. वाटाण्यावरील प्रयोगांतून मेंडेलने १८६६ मध्ये आनुवंशिकतेचे नियम प्रसिद्ध केले. मात्र त्यांचे महत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभीच ओळखले गेले. जनुकांत अधूनमधून आपोआप घडणारी उत्परिवर्तने हा या भेदांचा मूळ स्रोत होय, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

काळाचे परिमाण

एवढे मोठे बदल घडण्यास अफाट काळ हवा. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन या पदार्थशास्त्रज्ञाने उष्णतेच्या गणितावरून पृथ्वीचे वय फार थोडे ठरविले होते आणि ही अडचण डार्विनला अखेरपर्यंत सतावीत राहिली. पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागला, खडकांचे वय मोजण्याची रीत हाती आली आणि पृथ्वीचे वय सुमारे साडेचार अब्ज वर्षे असल्याचे निश्चित झाले.

या काळाची कल्पना येण्यासाठी वेरूळचा दगडच पुरेसा आहे. ज्या काळ्या पाषाणात ही लेणी कोरली आहेत, तो बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा होय. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हाचे प्रवाह एकामागून एक वाहिले आणि दख्खनचे पठार तयार झाले. हे थर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, कैलास लेण्याचे काम झाले. तेव्हापासून साडेबाराशे वर्षे लोटली. परंतु ज्या दगडावर छिन्नी चालली त्याचे वय याच्या पन्नास हजार पटींहून अधिक आहे.

धगधगत्या लाव्हात जीवाश्म टिकत नाहीत. मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात आणि लाव्हाखाली गाडल्या गेलेल्या थरांत तत्कालीन जीवसृष्टीचे अवशेष जतन झाले आहेत. मुंबईत वरळीच्या टेकडीवरील अशा गाळात लहानशा बेडकांचे सांगाडे सापडले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हेच ओवेन पुढे डार्विनचे कडवे टीकाकार झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरांची हाडे आणि अश्मीभूत विष्ठा आढळली. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते, ही समजूत त्यामुळे मागे पडली. ज्वारी, गहू आणि भात ही पिके ज्या तृणकुलातील आहेत, त्याचा इतिहास महाराष्ट्राच्या भूमीत असा मागे नेता आला.

शिडी नव्हे, वृक्ष

वेरूळच्या पंधराव्या लेण्यास दशावतार लेणे म्हणतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात उत्क्रांतीचा क्रम पाहण्याचा मोह अनेकांना होतो. जलचरांपासून मानवापर्यंतचे हे साम्य मनोरंजक असले तरी पुराणकथेचा हेतू निराळा आणि विज्ञानाचा निराळा. शिवाय अशा तुलनेमुळे उत्क्रांती ही माणसापर्यंत पोहोचणारी शिडी आहे, असा गैरसमज दृढ होतो. डार्विनच्या ग्रंथात एकच आकृती आहे आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या वृक्षासारखी आहे. त्या वृक्षावर माणूस, पारवा आणि बेडूक या आज जगत असलेल्या फांद्या आहेत. माणूस आजच्या माकडापासून झाला नाही. दोघांचे पूर्वज एकेकाळी एकच होते. कोणतीही फांदी दुसरीची पायरी नाही.

कपाशीच्या शेतातील निवड

नैसर्गिक निवड ही केवळ प्राचीन काळाची गोष्ट आहे, असे मानणे मराठवाड्यातील शेतकऱ्याला मात्र परवडणारे नाही. बोंडअळीला मारक असे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीच्या लागवडीस आपल्या देशात २००२ मध्ये मान्यता मिळाली. २००६ मध्ये अशी दोन प्रथिने असलेले वाण आले. आरंभीची काही वर्षे बोंडअळीचा उपद्रव खूपच घटला. परंतु पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी २००८ च्या सुमारास गुजरातेत आढळून आली. पुढे दुसरे प्रथिनही निष्प्रभ ठरू लागले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकांना जबर फटका बसला.

अळी विष पचवावयास शिकली, असे बोलण्यात येते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. लक्षावधी अळ्यांत विषाला न जुमानणाऱ्या अगदी थोड्या अळ्या आधीपासूनच होत्या. सर्व शेते बीटी कपाशीची झाल्यावर बाकीच्या मेल्या आणि या थोड्या वाचल्या. त्यांचे पतंग आपसांतच जुळले आणि पुढील पिढीत त्यांचीच संख्या वाढली. साधारण महिनाभरात एक पिढी पूर्ण करणारी ही अळी हंगामात अनेक पिढ्या काढते. पारव्यांच्या बाबतीत ससाणा जे काम करतो, तेच येथे मानवाने पेरलेल्या विषाने केले.

हे घडू नये म्हणूनच बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढे आश्रयपीक लावण्याचा नियम करण्यात आला होता. ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे त्यासाठीच दिले जाई. आश्रयाच्या ओळींत विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले की त्यांची बहुतेक संतती पुन्हा विषाला बळी पडणारीच निपजते आणि प्रतिकारशक्ती पसरण्यास विलंब होतो. लहान धारणक्षेत्र असलेल्या शेतकऱ्याला अळीसाठी ओळी सोडणे तोट्याचे वाटले आणि हे बियाणे बहुधा पेरलेच गेले नाही. त्यामागील तत्त्व त्याला कोणी उलगडून सांगितले असते तर कदाचित चित्र निराळे दिसले असते. अमेरिकेत आश्रयपिके काटेकोरपणे राखली गेली, वंध्य केलेले पतंग सोडण्यात आले आणि २०१८ मध्ये तेथील कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या वेळीच नष्ट कराव्यात, डोमकळ्या वेचून जाळाव्यात, कामगंध सापळे लावावेत, या कृषी खात्याच्या शिफारशींमागेही हेच शास्त्र आहे. हंगाम लांबला की अळीला आणखी पिढ्या काढता येतात आणि निवडीचे चक्र तितके अधिक फिरते. तेच कीटकनाशक वारंवार न फवारण्याचा किंवा प्रतिजैविक औषधांची ठरलेली मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मध्येच न सोडण्याचा सल्लाही याच तत्त्वाशी निगडित आहे.

वेरूळच्या कपोतावर बसलेला पारवा, त्याखालील सहा कोटी साठ लाख वर्षांचा पाषाण आणि डोंगराच्या पायथ्याशी पसरलेली कपाशी यांना जोडणारा नियम एकच आहे. तो नियम समजून घेणे हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग आहेच. परंतु ज्याचे पीक त्या नियमावर अवलंबून आहे, त्या शेतकऱ्याच्या दारापर्यंतही तो पोहोचला पाहिजे. निसर्गाची निवड थांबविणे कोणाच्याही हाती नाही. ती आपल्याविरुद्ध जाणार नाही अशी शेती करणे मात्र माणसाच्या हाती आहे.