रोबोचा वस्ताद

पहाटे ५:४५. करंजाडे. पहिल्या पाळीची माणसं रस्त्यावर आलीत. त्यातलाच हा एक वेल्डर. गाडीला डबा अडकवून, शंभराचं पेट्रोल टाकून तो कळंबोलीमार्गे तळोजा एमआयडीसीकडे निघतो. बरीच वर्षं हातानं वेल्डिंग केलं. आता रोबो चालवतो. हातात येतात चोवीस हजार.

७:००. कार्ड पंच. आधी साफसफाई. वेल्डिंग टॉर्चच्या नोझलमध्ये चिकटलेला स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे शिंतोडे, पकडीनं काढतो, घासलेली टिप बदलतो. टिप झिजली की वायर डुलते आणि बीड, म्हणजे वेल्डची रेघ, सांध्यावरून सरकतो.

७:४०. नवा जॉब, लोखंडी ब्रॅकेट. जिगमध्ये बसवला, चार क्लॅम्प आवळले. रोबोला शिकवायचा पेंडंट हातात. त्याच्या मागचं बटण अर्धंच दाबून धरायचं. सोडलं तर रोबो थांबतो, घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो. शिकवताना वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही.

८:१५. पॉइंट घेणं सुरू. होम. जॉबच्या वर. सांध्याजवळ. सांध्यावर. इथं आर्क पेटणार. मान वाकडी करून तो वायरचं टोक बघतो, टॉर्चचा कोन जुळवतो, पॉइंट सेव्ह करतो. पुढचा पॉइंट सरळ रेषेत गाठायचा की सहाही अक्ष मोकळे फिरवून, हेही सांगावं लागतं. या रोबोला क्लॅम्प दिसत नाही. म्हणून टॉर्च क्लॅम्पवरून उचलून नेणारा एक पॉइंट जास्तीचा.

१०:००. चहा. हे शिकवणं जुनंच. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो गरम ओतीव भाग उचलायला लागला. त्यालाही माणसानं एकेक टप्पा शिकवला होता. ते टप्पे चुंबकीय ड्रमवर साठवलेले असत.

१०:१५. आर्क न पेटवता एक फेरी. मग खरा वेल्ड. पहिला जॉब टेबलावर ठेवला तर एक कोपरा उचललेला. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पट्टी ओढतो. एकाच बाजूचे दोन्ही वेल्ड लागोपाठ झाले होते. तो क्रम बदलतो. एक डावीकडे, एक समोर उजवीकडे. दुसरा जॉब सपाट बसतो.

१२:३०. जेवण. आयटीआयचा शिकाऊ पोरगा विचारतो, “दादा, हा क्रम कुठं लिहिलाय?”
“माझ्या वस्तादानं हातात टॉर्च देऊन शिकवला. उद्या तू पॉइंट घे, मी शेजारी उभा राहतो.”

१:००. उत्पादन. जॉब लाव, क्लॅम्प आवळ, जाळीबाहेर ये, बटण दाब. तयार जॉब गरमच निघतो. दुपारपर्यंत हातमोज्यांची बोटं काळवंडतात.

३:३०. पाळी सुटली. प्रोग्रामचा नंबर वहीत लिहून दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला दिला. गेटवर वडापाव, वीस रुपये. रोबो आता रात्रपाळीतही त्यानंच लावलेल्या क्रमानं वेल्ड मारेल. शिकवणाऱ्याला पगार मिळतो तो त्याच्या पाळीचा. शिकवल्याचे वेगळे पैसे नाहीत.