सोनेरी तुऱ्याची जोपासना

शाखेच्या वर्धापनदिनी अथवा एखाद्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभात जो पुष्पगुच्छ दिला जातो, त्यातील गुलाब आणि जरबेरा सर्वांच्या ओळखीचे असतात. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बारीक, दाट, पिवळ्याधमक तुऱ्यांचे नाव मात्र सहसा कोणी विचारीत नाही. फुलवाले त्यास ‘गोल्डनरॉड’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तो ‘सॉलिडॅगो’. झेंडू व शेवंतीच्या कुळातील ही वनस्पती मूळची मुख्यत्वे उत्तर अमेरिकेतील. नेब्रास्का राज्याने १८९५ मध्ये तिला आपले राज्यपुष्प केले. थोर संशोधक एडिसन यांनी तर आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रबर मिळविण्यासाठी हजारो वनस्पती तपासल्या आणि शेवटी निवड केली ती याच झाडाची! १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे कृत्रिम रबराने बाजारपेठ जिंकली, ही गोष्ट वेगळी.

हे झाड कावेरीच्या खोऱ्यात, तंजावूर जिल्ह्यातील पापनाशमसारख्या गावी घराच्या अंगणात लावता येईल काय? तंजावूर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान वसलेले हे गाव. एकशे आठ शिवलिंगांच्या मंदिरासाठी आणि पापनाशम शिवन या वाग्गेयकारांच्या नावामुळे ते ख्यातनाम आहे. या परिसरात मराठी बोलणारी घराणी भोसले राजवटीपासून नांदत आहेत आणि बदलीच्या निमित्ताने येणाऱ्या मराठी कुटुंबांची त्यांत भर पडत असते. फुलांची आवड तर येथील मातीतच आहे. मरवा, दवणा आणि रंगीबेरंगी फुले एकत्र गुंफलेला तंजावूरचा ‘कदंबम्’ हार प्रसिद्धच आहे. आपल्या अबोलीला येथे ‘कनकांबरम्’ म्हणतात. तिला गंध नाही, तरी ती वेणीत मानाने मिरवते. गंधाच्या बाबतीत गोल्डनरॉडकडूनही फारशी अपेक्षा ठेवू नये.

लागवड सोपी आहे, पण दोन अडचणी खऱ्या आहेत. पहिली पाण्याची. खोऱ्यातील गाळाची जमीन भातासाठी उत्तम असली, तरी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसात ती दिवसेंदिवस चिंब राहते आणि या झाडाची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. म्हणून अंगणमातीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून, तळाला भोके असलेली किमान फूटभर रुंदीची कुंडी भरावी. पाऊस सरल्यावर, पोंगलच्या सुमारास, जुन्या झुडपाच्या बुंध्याशी आलेले मुळांसह फुटवे लावावेत. भरपूर ऊन द्यावे. खताचा अतिरेक मात्र टाळावा, कारण नत्र अधिक झाले की झाड उंच वाढून आडवे होते.

दुसरी अडचण दिवसाच्या लांबीची. दिवस मोठा असताना या झाडाचा दांडा उंच होतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलोरा येतो. मायदेशी उन्हाळ्यातला दिवस पंधरा तासांचा, तर पापनाशमला तो जेमतेम पावणेतेरा तासांचा! त्यामुळे दांडे आखूड राहण्याचा संभव असतो. फुलांचा व्यापार करणारे उत्पादक रात्री दिवे लावून दिवस ‘वाढवितात’. घरगुती बागेत विजेचे बिल वाढविण्यात अर्थ नाही. कुंडीला आखूड तुरेही शोभून दिसतात. तुऱ्यातील एकतृतीयांश फुले उमलताच दांडे कापावेत. सावलीत उलटे टांगून वाळविल्यास त्यांचा रंग बराच काळ टिकतो. मावा किंवा भुरी दिसल्यास झुडपात हवा खेळती ठेवणे हा पहिला उपाय.

या फुलांमुळे शिंका व दमा होतो, असा समज पाश्चात्त्य देशांत रूढ होता. वस्तुतः याचे पराग जड व चिकट असतात. ते वाऱ्याने नव्हे, तर मधमाश्या आणि अन्य कीटकांच्या अंगावरून प्रवास करतात. खरा अपराधी त्याच हंगामात फुलणारे रॅगवीड होय.

गोल्डनरॉडवरील खरा आक्षेप निराळाच आहे. शोभेसाठी म्हणून युरोपात आणि चीनमध्ये नेलेली त्याची कॅनडातील जात कुंपणाबाहेर पडली आणि पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडा तिने व्यापून टाकल्या. एकेका झाडास दहा हजारांहून अधिक बिया येऊ शकतात. त्यांना तंतूंचे पंख असतात आणि जमिनीखालून मुळांचे धावरे पसरतात ते वेगळेच. पापनाशमच्या परसातील पाणी पाटाला आणि पाटाचे पाणी कोणाच्या तरी भातखाचराला मिळते. तेव्हा हौस आपली आणि खुरपणी शेजारच्या शेतकऱ्याची, असे होता कामा नये. झाड कुंडीतच ठेवावे, कुंडी फरशीवर ठेवावी आणि तुरे तपकिरी होऊन कापसासारखे पिंजण्यापूर्वी छाटावेत. दर दोन-तीन वर्षांनी, म्हणजे साधारणपणे बदलीचा आदेश येण्याच्या सुमारास, झुडूप उपटून विभागावे लागते. त्यातील एक फुटवा नव्या गावी सोबत नेता येतो. उरलेल्या मुळ्या पाटात न टाकता गच्चीवर कडक उन्हात खडखडीत वाळवाव्यात आणि मगच त्यांची विल्हेवाट लावावी.