व्होल्गाच्या नावाड्यांचं गाणं



इथे हॅमिल्टनला आमच्या नातवाने शाळेतून पियानोवर एक नवी चाल शिकून आणली. "आजी, हे व्होल्गाच्या बोटवाल्यांचं गाणं. पण ते इतकं हळू का गातात?" आम्ही दोघं हसलो, पण प्रश्न खरा होता.

मुलांनो, ही माणसं नावेत बसलेलीच नाहीत! रशियात पूर्वी मालाने भरलेली नाव व्होल्गा नदीच्या प्रवाहाविरुद्ध न्यायची, तर माणसं काठाने चालत, छातीला पट्टा बांधून, दोराने ती ओढत. त्यांना 'बुर्लाक' म्हणत. सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं नाही तर नाव हलायची नाही, म्हणून ती आरोळी. कोकणात कोळी होडी वाळूवर ओढताना 'हैसा' करतात ना, अगदी तसंच. संथ चाल म्हणजे नुसतं दुःख नव्हे, ते पावलाचं माप आहे.

बालाकिरेव या संगीतकाराने १८६६ साली हे गाणं आपल्या लोकगीतांच्या संग्रहात छापलं. पुढे शल्यापिन या गायकाने ते जगभर पोचवलं. १९२६ साली तो न्यूझीलंडलाही गाऊन गेला.

गाण्यात मध्येच बर्चचं झाड येतं. दोर ओढताना झाड कशाला? रशियन खेड्यांत उन्हाळ्याच्या तोंडावर मुली बर्चच्या कोवळ्या फांद्या वेणीसारख्या गुंफत आणि काही दिवसांनी सोडवत. ओझं ओढणाऱ्याला गावचं ते झाड आठवत असावं, असं आम्हाला वाटतं. गाव सोडून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

रेपिन या चित्रकाराने १८७३ साली बुर्लाकांचं मोठं चित्र पूर्ण केलं. अकरा जण, बहुतेकांच्या माना खाली. मधला एक पोरगा मात्र मान वर करून पट्टा सैल करू बघतोय. नातवाला चित्र दाखवलं, तर तो म्हणाला, "आजी, त्याला नाही ओढायचं."

आम्ही गप्पच झालो. 'मराठीत बोल, मराठीत बोल' म्हणून आम्हीही त्याच्या मागे असतो. आमचाही दोर त्याला काचत असेल.

तेव्हापासून टोकणं बंद केलं. वायकाटो नदीकाठी फिरायला जातो, तेव्हा चढण आली की आम्ही 'हैसा' म्हणतो. परवा आमचे गुडघे दुखत होते, तर तोच पुढे होऊन हात धरून म्हणाला, "हैसा आजी, अजून थोडंच!"