संस्कृतीची वाटणी आणि मॉरिशस

मॉरिशसमध्ये निवडणुकीला उभे राहणाऱ्याने आपण कोणत्या समाजाचे आहोत ते जाहीर करावे, अशी अट 1968च्या राज्यघटनेने घातली. पर्याय चार दिले: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो पहिल्या तिन्हींपैकी कुठल्याच समाजाचा दिसत नाही, त्याला चौथ्यात धरावे, असे घटनेच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. या नोंदीला किंमत आहे, कारण निवडून येणाऱ्या 62 सदस्यांखेरीज आणखी आठ जागांची सोय आहे. कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतल्या, थोडक्यात हरलेल्या उमेदवारांना त्या मिळतात. माणसाची राहणी पाहिली की त्याची संस्कृती कळते, आणि एकदा कळली की ती एका रकान्यात मावते, असे या तरतुदीने गृहीत धरले. संस्कृतीची व्याख्या हा एरवी परिसंवादांचा विषय. इथे तिच्यावर सत्तेतला वाटा ठरतो. म्हणूनच ‘बहुसांस्कृतिक समाजात संस्कृती म्हणायचे कशाला’ या प्रश्नाचा विचार मॉरिशसच्या आधाराने करण्यासारखा आहे.

आपल्या सगळ्यांच्या मनात संस्कृतीची एक यादी असते: भाषा, धर्म, खाणेपिणे, पेहराव, सण, कला, नीतिनियम. तिला शास्त्राचाही आधार आहे. एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने 1871 मध्ये संस्कृतीची जी व्याख्या केली, ती ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी अशी मोजदाद करत जाते. पुढे इतक्या व्याख्या झाल्या की क्रोबर आणि क्लकहोन या अमेरिकन अभ्यासकांनी 1952 मध्ये त्या गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. टायलरच्या व्याख्येतला सर्वांत मोलाचा भाग मात्र यादीच्या गर्दीत हरवतो. या सगळ्या गोष्टी माणूस समाजात राहून शिकतो, असे त्याने म्हटले होते. त्या रक्तातून येत नाहीत. यादी पाठ झाली आणि शिकण्याची गोष्ट मागे पडली, इथेच घोळ झाला.

ही यादी मॉरिशसला लावून पाहू. या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच आले आणि गेले, मग फ्रेंच आले, 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतले. उसाच्या शेतीसाठी आधी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. गुलामगिरी संपत असतानाच, 1834 पासून, हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अशी साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुतेक बिहारकडची, भोजपुरी बोलणारी. काही तमिळ, काही तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसे, त्यांतली बरीचशी कोकणातली. आज सुमारे साडेबारा लाखांच्या या देशात दहापैकी आठांहून अधिक लोक घरात क्रिओल बोलतात. फ्रेंच मळेवाले आणि त्यांचे गुलाम यांच्या व्यवहारातून घडलेली ही भाषा मराठी आडनावाच्या घरातही तीच आणि चिनी दुकानदाराच्या घरातही तीच. म्हणजे यादीतला पहिला घटक समाज वेगळे करायच्या कामाचा नाही.

खाण्याचेही तेच. मॉरिशसमध्ये रस्त्यावर सर्वाधिक खपणारा पदार्थ म्हणजे ढोल पुरी. उकडून वाटलेली हरभऱ्याची डाळ आत भरून लाटलेली ही पातळ, मऊ पोळी तव्यावर भाजतात. विकणारा दोन पोळ्या एकावर एक ठेवतो, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोचा रुगाय आणि तिखट चटणी घालतो आणि गुंडाळी करून कागदात देतो. ती मागायचीसुद्धा जोडीने. सारण पाहिले तर पदार्थ भोजपुरी मजुरांच्या घरातला. रुगाय फ्रेंच-क्रिओल स्वयंपाकातला. आणि दुपारच्या सुट्टीत रांगेत उभे असलेले लोक सगळ्या समाजांचे. या पोळीला चारांपैकी कुठल्या रकान्यात बसवणार? संगीतात तर सरमिसळ आणखी खोल आहे. सेगा हे गुलामांचे गाणे-नाचणे, पण भोजपुरीतही सेगा गायला जातो. खऱ्या अर्थाने वेगळा राहिला तो धर्म, आणि त्याला चिकटलेले लग्नसंबंध.

असे असूनही समाज विरघळले नाहीत. मॉरिशसमधले मराठी लोक स्वतःला मराठी म्हणवतात, तमिळ तमिळ म्हणवतात, आणि घटनेने या दोघांना एकाच ‘हिंदू’ रकान्यात घातले तरी ते आपापली मंदिरे आणि संस्था वेगळ्या ठेवतात. फ्रेडरिक बार्थ या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1969 मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. समाजांमधली हद्द टिकते ती आतल्या मालमत्तेमुळे नव्हे. आतले सगळे बदलले तरी हद्द राहू शकते, कारण ती लोक परस्परांशी वागताना आखत असतात. हे मान्य केले, तरी एवढ्याने संस्कृतीचा उलगडा होत नाही. हद्द सांगते कोण आपला आणि कोण परका. आपला माणूस जगतो कसा, हे ती सांगत नाही. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात असे मला वाटते: एखादी रीत कोण कोणाला शिकवते, ती करणाऱ्यांना तिचा अर्थ काय वाटतो, आणि ती बदलण्याचा हक्क कोणाकडे आहे.

झाकरीचे उदाहरण घ्या. कोकणात गौरी-गणपतीत नाचले जाणारे जाखडी नृत्य मजुरांबरोबर समुद्रापार गेले आणि तिथे झाकरी झाले. रिंगण तेच, मध्ये गाणारे आणि वाजवणारे तसेच. पण रिंगणातली मुले एकमेकांशी बोलतात क्रिओलमध्ये, गाण्यातली मराठी त्यांनी ऐकून किंवा शाळेत शिकून आत्मसात केलेली असते, आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. रत्नागिरीतल्या जाखडीशी ताडून ही ‘अस्सल’ किती, हे मोजत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. आजोबांनी नातवाला पाय कसा टाकायचा ते दाखवले, नातवाला त्यात आपला सण दिसला, आणि नव्या पिढीने त्यात फेरफार केले तर घरच्यांनी ते चालवून घेतले. संस्कृती म्हणायला याहून आणखी काय हवे? यादीच्या हिशेबाने या मुलांजवळ मराठीपण जवळपास उरलेच नाही. त्यांच्या वागण्यात मात्र ते उघड दिसते.

यादीचा सर्वांत मोठा अन्याय झाला तो ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या रकान्यात. त्यात गोरे मळेमालक आणि त्यांच्या पूर्वजांनी राबवलेल्या गुलामांचे वंशज एकत्र घातले गेले. गुलामांची नावे, भाषा आणि देव जाणूनबुजून पुसले गेले होते; 1723च्या फ्रेंच फर्मानाने त्यांना ख्रिस्ती करणे सक्तीचे केले होते. मग ‘तुमची पूर्वजांची भाषा कोणती’ या प्रश्नाला त्यांनी उत्तर काय द्यायचे? भारतीय वंशाच्या लोकांना हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी दाखवता आली, तिच्यासाठी शिक्षक आणि संस्था मागता आल्या. गुलामांच्या वंशजांना, म्हणजे क्रिओल समाजाला, दाखवायला होती ती सगळ्यांची झालेली बोली आणि सेगा, आणि दोन्हींना प्रतिष्ठा नव्हती. फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला, तेव्हा बेटावर दंगली उसळल्या. त्यामागे गरिबी होती, पोलिसांवरचा राग होता, आणि या देशाच्या हिशेबात आपण बाकी म्हणूनच धरलो जातो ही सलही होती. सेगाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली ती 2014 मध्ये. ती मिळाली याचा आनंद आहे. पण ज्यांच्या गाण्याला मान मिळाला त्यांच्या वस्त्यांतली शाळा आणि रोजगार त्यामुळे सुधारत नाहीत, हेही खरे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. यादी सोडली तर लहान समाजांच्या भाषांना वाली कोण? सरकारने ‘पूर्वजांच्या भाषा’ म्हणून मान्यता दिली नसती तर मॉरिशसमध्ये आज मराठीचा एकही वर्ग भरला नसता, असे म्हणता येईल. मराठीला मिळालेला आधार मोलाचाच आहे. पण भोजपुरीचे काय झाले ते पाहावे. बिहारहून आलेल्या मजुरांच्या नातवंडांना पूर्वजांची भाषा म्हणून शाळेत शिकवली गेली हिंदी. त्यांचे पूर्वज प्रत्यक्षात बोलत होते ती भोजपुरी घराघरांतून झपाट्याने मागे पडली. रकान्याला भाषा मिळाली आणि माणसांची गेली. आधार द्यायचा तो चालू असलेल्या रीतीला, बोलणाऱ्याला, शिकवणाऱ्याला द्यावा, हाच याचा अर्थ होतो.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. समाज मोजले नाहीत तर अल्पसंख्याकांना विधिमंडळात जागा कशी मिळणार? ही भीती पोकळ नव्हती. 1965 मध्ये आणि पुन्हा स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी 1968 मध्ये, तिथे रक्तपात झाला होता. राखीव आठ जागांनी त्या काळी अनेकांना दिलासा दिला. पण समाजांची शेवटची मोजणी झाली 1972 मध्ये, आणि पुढे दशकानुदशके तिच्यावरच या जागांचा हिशेब होत राहिला. ताजी आकडेवारी नसताना उमेदवाराला समाज जाहीर करायला लावणे मनमानीचे आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2012 मध्ये म्हटले. 2014च्या निवडणुकीपुरती मॉरिशसने ही सक्ती उठवली. प्रतिनिधित्व हवेच. त्यासाठी माणसाने स्वतः सांगितलेली ओळख पुरेशी धरावी, एकाहून अधिक सांगण्याची मुभा द्यावी, आणि काहीच न सांगणाऱ्याची उमेदवारी बाद करू नये.

संस्कृतीच्या नावाखाली अन्यायी रूढी पाठीशी घातल्या जातील, ही शंका यादीवादालाच अधिक लागू पडते. रूढी एकदा समाजाच्या पुढाऱ्यांनी यादीत नोंदवली की तिला हात लावणे म्हणजे समाजावर हल्ला ठरतो. रीत बदलण्याचा हक्क ती पाळणाऱ्या बायका-पुरुषांकडे आहे असे मानले, तर आतून विरोध करणारी मुलगीही त्या संस्कृतीची तितकीच वारस ठरते.

या सगळ्याची कसोटी शाळेच्या वेळापत्रकात लागते. 2012 मध्ये क्रिओल प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली, पण मराठी, तमिळ, हिंदी यांच्या बरोबरीचा एक पर्याय म्हणून: मुलाने यांतली एक भाषा निवडायची. ज्या मराठी घरात क्रिओल बोलली जाते, तिथल्या मुलाला घरची भाषा आणि आजोबांची भाषा यांतली एक सोडावी लागते. क्रिओल समाजातल्या मुलाला मराठी शिकावीशी वाटली तर त्याला स्वतःची सोडावी लागते. दोन वेगळ्या तासिका ठेवायला शिक्षक लागतील, पैसे लागतील, दिवसाचे तास नव्याने बसवावे लागतील. ते करावे, आणि मराठीच्या वर्गाचा दरवाजा आडनाव न विचारता उघडा ठेवावा.