औंधची सनद

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये वसलेल्या, अवघ्या १६० चौरस किलोमीटरांच्या लिख्टेनश्टाइन संस्थानात १९२१ साली जी राज्यघटना अंमलात आली, तिने सार्वभौमत्व राजा आणि प्रजा या दोघांच्या ठायी ठेवले. तेथे विधिमंडळाने केलेला कायदा नागरिक पुरेशा सह्या जमवून सार्वमताला लावू शकतात, परंतु राजाच्या संमतीवाचून तो कायदा होत नाही. राज्यपद्धतीच्या दृष्टीने या युरोपीय राज्याशेजारी मांडावे, किंबहुना त्याच्याही पुढे गेलेले म्हणावे, असे आपले संस्थान औंध होय.

सुमारे ५०० चौरस मैलांचा, बहात्तर गावांचा हा मुलूख सलगही नव्हता. औंध, आटपाडी आणि कुंडल हे तालुके आजच्या सातारा-सांगलीत, तर गुणदाळ पार विजापुराकडे. सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि स्वतः चित्रकार असलेले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात प्रजेस स्वराज्य देण्याचा जाहीरनामा काढला. पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते सेवाग्रामी गांधीजींना भेटले, त्यांच्या सल्ल्याने मसुदा सिद्ध झाला, आणि १९३९ च्या जानेवारीत राजेसाहेबांनी त्यावर सही केली.

या घटनेचे मर्म तिच्या पायात होते. प्रौढ गावकऱ्यांनी पाच पंच निवडावेत, पंचांनी आपला अध्यक्ष ठरवावा, अध्यक्षांची तालुका समिती व्हावी, आणि तालुक्यांतून निवडून गेलेल्या सभासदांचे विधिमंडळ औंधास भरावे, अशी ती चढती रचना होती. विहिरीची दुरुस्ती, शाळेची इमारत, बांधावरून पेटलेला भाऊबंदांचा तंटा, ज्यांसाठी एरवी कुणब्याने मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या, ती कामे आता चावडीवर, वादी-प्रतिवादींच्या सात पिढ्या जाणणाऱ्या पंचांपुढे निघू लागली. मतदारास लिहितावाचता यावे, हा गांधीजींचा आग्रह मला प्रथम कठोर वाटला होता. परंतु मत हवे तर अक्षर शिका, आणि शिकलेल्याने शेजाऱ्यास शिकवा, हा त्यामागचा हेतू ध्यानी आल्यावर त्याचे मोल पटते.

सामान्य माणसावरचा हाच विश्वास या संस्थानाने गुन्हेगारांवरही टाकला: आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ मध्ये उभी राहिली, आणि व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाला स्फूर्ती तिच्यातूनच मिळाली.

लिख्टेनश्टाइनने १९२३ च्या करारान्वये स्वित्झर्लंडशी जकातसंघ केला आणि आपले स्वत्वही राखले. औंध मात्र ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि ते उचितच होते, कारण ज्या राष्ट्रासाठी कुंडलच्या तरुणांनी बेचाळीसच्या लढ्यात प्राण पणाला लावले, त्याच्यापासून अलग राहण्याची प्रजेस इच्छा नव्हती. तरीही खालून वर चढणारी ती रचना जशीच्या तशी नव्या प्रांताने उचलली नाही, याची खंत मला वाटते; गावाच्या पैशाचा आणि कामाचा निर्णय गावानेच घ्यावा, हा हक्क औंधच्या रयतेने नऊ वर्षे प्रत्यक्ष बजावला होता.